चार वाजून दहा मिनिटं

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन एकदा वाजतो आणि लगेच बंद होतो. मी तो उचलत नाही. उचलायचा नाही असंच ठरलं आहे. त्या एका रिंगचा अर्थ एवढाच, की बॉयलरवाले काका पाळी संपवून कारखान्याच्या गेटबाहेर पडले. ती वाजल्यावरच बेलापूरच्या ऑफिसातला चहा माझ्या घशाखाली उतरतो.

मी बॉयलर तपासणारा सरकारी निरीक्षक. हुद्दा अजून तोच आहे, पण सध्या माझ्याकडे जुन्या फायली लावायचं काम आहे. हे कसं झालं ते सांगायचं तर माझ्यावरच्या उपकारांपासून सुरुवात करावी लागेल.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. मी मात्र सातारा जिल्ह्यात, आमच्या तालुक्याच्या गावी शिकलो. तिथल्या आमदारांच्या संस्थेचं वसतिगृह होतं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. वसतिगृहात दोन वेळा भाकरी-आमटी मिळायची, रविवारी शिरा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी माझा एक दाखला अडकला, तेव्हा दादांनी स्वतः कचेरीत माणूस पाठवला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. निकालानंतर आई त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "गुडघे दुखतात का हो तुमचे?" एवढ्या मोठ्या माणसाला आपली चाल दिसली, हे आई अजून सांगते. हे लिहितानाही मला वाटतं, की मी खाल्ल्या मिठाला जागत नाहीये.

गेल्या वर्षी एका कापड रंगवायच्या कारखान्यात वार्षिक तपासणीला गेलो. तपासणीसाठी बॉयलर थंड करून उघडतात. मग निरीक्षकाने बॅटरी आणि हातोडी घेऊन आत सरपटत जायचं आणि पत्रा ठोकून बघायचा. धड पत्रा टणकन वाजतो. दुखावलेला पत्रा बद्द बोलतो.

मी आत शिरणार, एवढ्यात तिथले बॉयलरवाले काका जवळ आले. खाडीकाठच्या गावातले, पन्नाशी उलटलेले, बावीस वर्षं त्याच बॉयलरवर.

"साहेब, डाव्या अंगाला खाली बघा. दाब चढला का ती शीळ घालते."

"कोण?"

"हीच. दुसरी बायको माजी." स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी काय इंजिनेर नाय, पन कान हायेत मना."

डाव्या अंगाला खाली हातोडी बद्द बोलली. काजळी पुसली तर जोडाच्या कडेने वीतभर चीर. नख अडकत होतं. असा जोड दाबाखाली आज उघडेल की सहा महिन्यांनी, कुणी सांगू शकत नाही. पण उघडला तर ती भिंत, ते छप्पर काही राहत नाही. काकांचं स्टूल तिथून चार पावलांवर होतं.

वापरबंदीचा आदेश मी तिथेच लिहू शकत होतो. कायद्याने तो अधिकार माझा एकट्याचा होता. कोरा फॉर्म बॅगेत होता, पेन खिशाला होतं. पण मालकांच्या केबिनमध्ये हात धुवायला गेलो आणि भिंतीवर लग्नातला फोटो दिसला. मालकांच्या शेजारी दादा. मालक त्यांचे व्याही निघाले.

आमच्याकडे रीत आहे. लग्न ठरो, जमीन विकली जावो, भावकीत वाटणी होवो, मोठ्यांच्या कानावर घालायचं. परवानगी मागायची नसते, फक्त मान द्यायचा असतो. मला वाटलं, व्याह्यांचा कारखाना मी बंद केला हे दादांना दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. आणि खरं सांगायचं तर मनात असंही होतं, की त्यांना माझा अभिमान वाटेल. आपल्या वसतिगृहातला पोरगा किती चोख काम करतो!

मी रिकामा फॉर्म घेऊन ऑफिसला आलो आणि सही करण्याआधी फोन लावला.

"बोल रे बाळा! आईचे गुडघे कसे आहेत?"

मी सगळं सांगितलं. शीळ, चीर, जोड, चार पावलांवरचं स्टूल.

"बरं केलंस कानावर घातलंस," ते म्हणाले. "असली माणसं राहिली नाहीत आता. एक काम कर, सकाळपर्यंत थांब. मी बोलतो त्यांच्याशी. आपणहून बंद करतील, तुझ्यावर वाईटपणा नको."

मी थांबलो. त्या रात्री मला छान झोप लागली, हे मी कधी विसरणार नाही.

सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. त्यांनी माझ्याकडे न बघता कागद सरकवला. त्या पट्ट्यातले सगळे कारखाने माझ्याकडून काढून घेतले होते आणि मला जुन्या फायलींवर बसवलं होतं. त्या बॉयलरची तपासणी आता बाहेरचा खाजगी तज्ज्ञ करणार होता.

"साहेब, चीर आहे तिथे. मी बोट लावून आलोय."

"आदेश दिलास का?"

"नाही, पण..."

"मग कागदावर चीर कुठे आहे?" ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "अरे, आधी सही करायची आणि मग फोन करायचा. एवढंही कुणी शिकवलं नाही का तुला?"

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "साहेब, पेटवली परत. भिंतीवर नवीन सर्टिफिकेट लागलाय. तुमची सही नाय दिसली."

मी वर चार पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं, नोंद घेतली आहे. मी काकांना म्हणालो, सोडा ती नोकरी, मी दुसरीकडे शब्द टाकतो.

"मी सोडली तर उद्या तिथं दुसरा कोनतरी उभा राहील," ते म्हणाले. "त्याला शीळ कुठं कलनार?"

मी म्हणालो, मग रोज सुटल्यावर एक मिस्ड कॉल तरी द्या. माझी हातोडीही मी त्यांना देऊन टाकली. रविवारी बॉयलर थंड असतो, तेव्हा ते बाहेरून ठोकून बघतात. सरकारची तपासणी आता एवढीच उरली आहे.

काल चार दहा झाले, चार वीस झाले. फोन वाजला नाही. मी लावला तर बंद. फायली तशाच टाकून रिक्षा पकडली. गेटवर पोचलो तेव्हा कारखाना जागेवर होता. भिंत होती, छप्पर होतं. मी समोरच्या कठड्यावर बसलो. पाच वाजता काका बाहेर आले आणि मला बघताच त्यांनी मला टपरीच्या मागे ओढलं.

"तुमी कशाला आलात? कोनी बघितला तर घालवतील मना!"

"फोन?"

"पान्यान पडला." त्यांनी गेटकडे एकदा वळून बघितलं. "बरा झाला आलात. आज शीळ थांबलीच नाय. दाब उतरवला तरी वाजत होती, म्हनून थांबलो."

नेरूळला घरी न जाता मी तिथूनच दादांना फोन लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी लगेच उचलला.

"बोल रे बाळा! आईचे गुडघे कसे आहेत?"

"दादा, आईचं राहू द्या," मी म्हणालो. त्यांच्याशी असं मी जन्मात बोललो नव्हतो. "ती शीळ आता थांबत नाहीये. तुमच्या पाया पडतो, उद्याच्या उद्या बंद करायला सांगा."

पलीकडे कुणाशी तरी काहीतरी बोलणं झालं. मग ते पुन्हा फोनवर आले.

"कुठली शीळ रे?"

काका समोर उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.