जनकाबाईंनी सोडवलेलं हाड

दात गेल्यापासून सोनाजी मटणाच्या दिवशी नुसता रस्सा भुरकून उठत. नवऱ्याला लाज वाटू नये म्हणून जनकाबाई त्यांच्या ताटात हाड वाढतच नसत. या रविवारी मात्र त्यांनी बोकडाची अख्खी मांडी आणली. हाडाच्या कडेकडेनं सुरी फिरवून मांस सोडवलं, मसाला भरून गुंडाळलं, गोधडीच्या दोऱ्यानं आवळलं आणि मंद आचेवर मेणासारखं शिजवलं. उरलेलं हाड रश्श्यात सोडलं.

सोनाजींनी घास जिभेनंच मोडला. मग ते ताटात काही शोधू लागले.

"नळी कुठंय?"

"दात न्हाईत तुमाला. नळी काहून पायजे?"

"मगज चोखायला दात कशाला लागतेत? दोन वर्षं वाट पाहून राहिलो ना मी!"

जनकाबाई उठल्या. रश्श्यातलं हाड काढून त्यांनी बत्त्यानं त्याचं टोक फोडलं. सोनाजी ताटाच्या काठावर नळी आपटून मगज चोखू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं.