प्रार्थना करून सांगते

आम्हा ख्रिस्ती माणसांकडे नकार द्यायची एक सोयीची रीत आहे. कुणी काही मागितलं आणि करायचं मनात नसलं, की आम्ही म्हणतो, "प्रार्थना करून सांगते." समोरचा आमच्याच चर्चच्या मंडळीतला असला तर तो काय ते ओळखतो, चहा पितो आणि उठतो. पण माझी शेजारीण मंडळीतली नव्हती. तिला ते खरंच वाटलं.

शिरूर कासारला आमच्या दोन घरांत एकच भिंत. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. धाकट्याला सोबत न्यायचे आणि पोरीला आजीजवळ ठेवायचे. त्या वर्षी आजी वारली. पोरगी नुकतीच आठवीत गेली होती. शेजारीण माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, सहा महिने पोरीला ठिवून घेता का? तिचा दानादुना मी देते. फडावर नेली की साळा सुटती, आन् मग लगीनच लावतेत. माझं बी तसंच झालंतं."

पोरगी माझ्या आवडीची होती. शाळा सुटली की माझ्याकडे येऊन हुक-बटणं लावायची आणि अखंड बडबडायची. पण रविवारी आम्ही सगळे उपासनेला जातो. तिला घरी एकटी कशी ठेवणार? आणि सोबत नेली तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर बोभाटा, की ह्यांनी पोरीला बाटवायला ठेवलीय. हल्ली एवढ्यावरून माणसं दारात येऊन उभी राहतात. मी घाबरले. तसं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. पण मी म्हणाले, "प्रार्थना करून सांगते."

पुढचे आठ दिवस ती भेटेल तिथं विचारायची. नळावर, गिरणीत, किराणा दुकानात चारचौघींत. "कळलं का काही, ताई?" मी म्हणायचे, "अजून नाही गं." खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकायचे, नवऱ्याची साखर, मुलाची नोकरी, सगळं देवापुढं मांडायचे, आणि पोरीचा विषय मनात आला की आमेन म्हणून उठायचे. विचारलं तर तो काय म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. शेजारीण दारात आली. मागे पोरगी, दप्तर अजून पाठीवरच.

"ताई, काय म्हन्ला तुमचा देव?"

"नाही म्हणाला गं."

"बरं," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शाळा सुटल्याची घंटा झाली की हुक-बटणांचा डबा काढून दाराकडं बघायचे. उलटसुलट बाह्या शिवून बसायचे, पुन्हा उसवायचे. नवरा म्हणायचा, डॉक्टरला दाखव. मला काय झालंय ते डॉक्टरला थोडंच दिसणार होतं!

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, कुणाचं वाकडं केलं असेल तर आधी मिटवून या. हे वाक्य मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी ऐकत आले होते. भाकरीचं ताट आलं. मी ते न घेता पुढं सरकवलं. आमची मंडळी आठ घरांची, सगळ्यांनी पाहिलं.

घरी आले ती न जेवताच त्यांच्या टोळीच्या मुकादमाला फोन लावला. त्यानं शेजारणीला उसाच्या फडातून हाक मारली.

"ताई? समदं बरं हाय ना?"

"पोरगी कशी आहे?"

"हाय की. सैपाक करती, धाकट्याला सांभाळती." मग आवाज खाली आला. "परवा पाव्हणे येऊन बघून गेलेत तिला."

मी रडायलाच लागले. माफ कर, माफ कर, एवढंच तोंडातून येत होतं.

"तुमी कावून रडता? तुमच्या देवानंच न्हाई म्हन्लं. तुमचा काय कसूर?"

"तो नाही म्हणाला नव्हता गं. मी त्याला विचारलंच नाही. लोकांना भ्याले आणि त्याचं नाव पुढं केलं."

तिनं मला शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. तेवढ्यानं मला बरं वाटलं असतं.

"मग आता इचारा," ती म्हणाली. "म्या फोन ठिवीत न्हाई."

मी डोळे मिटले नाहीत; त्याचं उत्तर मला आधीपासूनच ठाऊक होतं. "पाव्हण्यांना काही कळवू नको," म्हणाले, "उद्या मी येते पोरीला न्यायला." आणि हे बोलतानाही गल्ली काय म्हणेल ही भीती काही गेली नव्हती.