धाकट्या जावेचा गळा

आमच्या गावच्या देवळात एकादशीच्या भजनाला पहिला अभंग मी उचलायचे. लग्न होऊन बाजारकुणंगकडच्या या गावात आले, तेव्हापासून. बायका टाळ हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या, आणि मला ते फार आवडायचं.

मग दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ खानापूरकडची. तिच्या पहिल्याच एकादशीला मी एका ओळीवर श्वास घ्यायला थांबले आणि तिनं ती ओळ वर नेली. इतकी सहज, की पेटीवाले मामा मान वर करून बघायला लागले. माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. चार-दोन दिवसांनी रामनगरच्या बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "तुमच्यात ती नवी गाती ती कोण हो? गळा म्हणजे गळा हाय तिचा."

"जाऊ माझी," मी म्हटलं, आणि वांगी न घेताच पुढे गेले.

त्यानंतर तिचं सगळंच मला टोचायला लागलं. ती तांदूळ निवडताना गुणगुणायची आणि सासूबाई हातातलं काम सोडून ऐकायच्या. मी मुद्दाम भांडी आपटायचे. जेवण घशाखाली उतरेना. भाताचं शीत अडकल्यासारखं वाटायचं, पाणी प्यायलं तरी जायचं नाही. पुढच्या एकादशीला मी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. पहिला अभंग तिनं उचलला.

घरी आल्यावरही आवाज फुटेना. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं. म्हशीला बोलवायचं तर मी टाळ्या वाजवायचे. शेवटी नवऱ्यानं बेळगावला गळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून आत बघितलं. मग म्हणाल्या, "खोका बघू." मी खोकले. खणखणीत आवाज आला.

"गळ्याला काही झालेलं नाही. मनावर ताण आला की काहींचा आवाज असा बसतो. तुम्ही ढोंग करत नाही, हे मला माहीत आहे. घरात काय झालंय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. म्हणजे त्याला कळलेलं होतं. बाईंनी मला खोकल्याचा शेवट लांबवून "हं" म्हणायला शिकवलं आणि रोज करायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये नवरा एवढंच म्हणाला, "तिला सांग एकदा. पोटात ठेवू नको."

घरी पोचलो तेव्हा ती चुलीपाशी होती. "अक्का, डॉक्टर काय म्हणाल्या?"

मी खोकून "हं" म्हणायला गेले, आणि त्याच्यामागून घोगरा, फाटका, पण माझाच आवाज बाहेर पडला. "माझी जागा तू घेतलीस."

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "व्हय? मग मी न्हाई गात." आणि आमटी ढवळायला लागली.

तेच मला जास्त झोंबलं. ज्याच्यापायी माझा गळा बंद पडला, ते तिनं विळी बाजूला सारावी तसं सारून दिलं. न गाताही ती पोटभर जेवत होती, निवांत झोपत होती.

पुढच्या एकादशीला मी गायले. आवाज आला, पण वर जाताना चिरकला. टाळ थांबले की बायका दाराकडे बघायच्या. त्याच्या पुढच्या खेपेला मीच तिला म्हटलं, "चल." मोठेपणा म्हणून नव्हे. ती घरात बसली तरी सगळे तिचीच वाट बघत होते, ते मला सोसेना.

आता आम्ही शेजारी बसतो. सुरुवात मी करते, वरची ओळ ती घेते. माझा आवाज पुन्हा कधी बसला नाही. हेवा मात्र गेलेला नाही. तिचं गाणं फार रंगलं त्या दिवशी मला जेवण जात नाही. नवरा माझ्या ताटाकडे बघतो, आणि दुसराच विषय काढतो.