मिस्तरींचं ‘नाही’

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई चारशे माणसांचा स्वयंपाक करायच्या, पण दोघांचा त्यांना जमत नसे. थट्टा नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होत्या. पहाटे जाणार, कमरेइतक्या उंच पातेल्यात भात रटरटायला लावणार, दोन्ही हातांनी झारा फिरवणार. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. मिठाचा हात चारशे माणसांच्या हिशोबानं सैल झालेला. त्यामुळे घरी रस्सा केला की एकतर तोंडात घालवत नसे, नाहीतर घाबरून मीठ इतकं कमी घालायच्या की नुसतं गरम पाणी.

मी खालच्या मजल्यावर शिवणकाम करते. ताईंची आणि माझी ओळख जुनी. त्यांच्या यजमानांना सगळे मिस्तरी म्हणायचे, मी भाऊजी म्हणायचे. त्याच कारखान्यात ते लोखंड कातायच्या लेथ मशिनवर होते. बावन्नाव्या वर्षी कारखान्यातलं त्यांचं खातंच बंद झालं आणि ते घरी बसले. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. घरात करण्यासारखं काही नाही. दोन महिने त्यांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळ घट्ट केले, माझं शिलाई मशिन विनाकारण दोनदा खोलून बसवलं. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बायको घरी जेवत नाही.

ते खरंच होतं. दिवसभर वाफेत आणि फोडणीच्या धुरात काढल्यावर ताईंना अन्न नकोसं व्हायचं. घरी येऊन त्या चहात पाव बुडवायच्या आणि आडव्या व्हायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. मिस्तरी तेव्हा पाळीवर असायचे, त्यांना कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी स्वयंपाक शिकायचं ठरवलं. शिकवायला कुणी नाही. ताईंना विचारलं तर त्या सांगायच्या, “दोन बादल्या बटाटे घ्यायचे...” मिस्तरी हात जोडायचे. पहिले आठ दिवस खिडकीतून माझ्या घरात नुसता करपलेला वास. मी वर जाऊन म्हटलं, “भाऊजी, आग लागली तर आधी मला हाक मारा, माझ्याकडे गिऱ्हाइकांचे कपडे आहेत.” ते म्हणाले, “पहिला नग बिघडतोच. दहावा बघा.”

आणि दहावा खरंच चांगला झाला. लेथवरच्या माणसाची नजर ती. बटाट्याची प्रत्येक फोड दुसरीसारखी. कांदा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलेलं. मऊ भात, बटाट्याचा पातळ रस्सा, कधी कांद्यावर परतलेली अंडी, कधी नुसती डाळ आणि वरून लसूण. फार काही प्रकार नव्हते, पण जे होतं ते रोज तसंच्या तसं. ताई आल्या की ते त्यांना हातपाय धुवायला पाठवायचे आणि ताट वाढायचे. स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकू द्यायचे नाहीत. “दिवसभर त्या भट्टीपुढे असतेस. इथं पाहुणी म्हणून बस.”

ताई बसायच्या. जेवायच्या. रस्सा संपला की ताटलीतला शेवटचा थेंब बोटानं पुसून घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, “खरं सांगू का, कँटीनमधून निघताना भूक लागायला लागलीय मला. जिन्यापर्यंत आले की पोटात कावळे ओरडतात.” पन्नाशीची बाई ती, आणि सांगताना लाजली.

अशी चौदा वर्षं गेली. त्या चौदा वर्षांत तो रस्सा कसा करतात हे ताईंनी एकदाही बघितलं नाही. गरजच पडली नाही.

मग एका दुपारी वरून भांडं पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, पडलं असेल. थोड्या वेळानं करपल्याचा वास यायला लागला. मिस्तरींच्या हातून काही करपेल हे शक्य नव्हतं. मी धावत वर गेले. ते फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला उतरलेलं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. मला बघून काहीतरी बोलायला गेले आणि तोंडातून नुसता घरघर आवाज आला. मी आधी शेगडी बंद केली, मग आरडाओरडा करून माणसं जमवली.

तीन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले. उजवी बाजू गेलेली. बोलणं गेलेलं. राहिला होता तो एकच शब्द: “नाही.”

तो मात्र स्वच्छ यायचा. पाणी हवं का? नाही. उशी नीट करू का? नाही. लेक भेटायला आली, गळ्यात पडून रडली, तर तिलाही “नाही, नाही.” आणि डोळ्यांतून पाणी. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात माणूस उगाचच रडतो, मनावर घेऊ नका. म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. याखेरीज आणखी कुणी काही समजावलं असेल, तर त्या धावपळीत ते आमच्या कानांवरून गेलं.

ताईंनी आधी सुट्टी घेतली, मग अर्ध्या पाळीवर जायला लागल्या. सकाळी त्या नसताना मी माझं काम घेऊन वर बसायचे. दुपारी येऊन त्या स्वयंपाकाला लागायच्या. आता ते घर त्यांना सांभाळायचं होतं, आणि शेगडी कुठून पेटते हे सोडून तिथलं त्यांना काही माहीत नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी बटाट्याचा रस्सा केला तेव्हा मी तिथंच होते. ताईंनी चमचा मिस्तरींच्या तोंडाशी नेला. मिस्तरींनी घोट घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाले, “नाही.”

“मीठ जास्त झालं?”

“नाही.”

“कमी आहे?”

“नाही. नाही.”

“मग काय आवडलं नाही?”

“नाही!” आणि डावा हात गादीवर आपटला.

ताईंनी वाटी उचलून नेली. त्यांचा चेहरा मला बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कांदा जास्त परतला. तिसऱ्या दिवशी लसूण घातला. मग मिरपूड. मग डाळ केली, अंडी केली, पुन्हा बटाटा. मिस्तरी दोन-चार घास घ्यायचे आणि नाही म्हणायचे. ताई ताट उचलायच्या. ताट उचललं की ते आणखी चिडायचे, हात आपटायचे, रडायचे. ताईंना वाटायचं, माझं अन्न त्यांना डोळ्यांपुढेही नकोय.

चार महिने हे चाललं. मिस्तरींच्या गालांची हाडं वर आली. त्यांचे दोन शर्ट मीच आत घेतले, आणि पुढे ते आणखी आत घ्यावे लागले.

एक दिवस ताई माझ्या दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, “चारशे माणसं माझ्या हातचं गुपचूप खातात. ह्या एका माणसाच्या घशाखाली उतरत नाही. चौदा वर्षं बसून खाल्लं ना मी, त्याचा राग काढतायत.”

आणि मी, शहाणी, तोंडात टाचण्या धरून म्हणाले, “ताई, फार लाड चाललेत. पुरुष माणसाचा हट्ट आहे हा. मागे लागू नका. ताट ठेवायचं आणि बाहेर यायचं. भुकेनं कळवळले की येतील वळणावर.”

त्यांनी माझं ऐकलं. दोन दिवस त्यांनी ताट स्टुलावर ठेवलं, “भूक लागली की सांगा,” म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. आतून “नाही, नाही” असं ऐकू यायचं. डाव्या हातानं खाणं त्यांना अजून जमत नव्हतं, आणि स्टूल जरा लांब होतं. तासाभरानं ताई ताट उचलायच्या. ह्या दोन दिवसांत एकदा मी खिडकीतून तो आवाज ऐकला आणि मशिन चालू केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरींनी डोळे पांढरे केले. आम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, दुपारपर्यंत ते शुद्धीवर आले. तिथल्या नव्या डॉक्टरनं ताईंना विचारलं, “बोलण्याचे उपचार चालू आहेत ना?” ताई म्हणाल्या, “कसले उपचार?” डॉक्टरनं कपाळाला हात लावला आणि ते उपचार करणाऱ्या एका बाईंना बोलावून घेतलं.

त्या बाई वयानं ताईंच्या लेकीएवढ्या. खुर्ची ओढून मिस्तरींच्या डाव्या अंगाला बसल्या. विचारलं, “काका, तुम्ही बाई आहात का?”

“नाही.”

“तुम्ही पुरुष आहात?”

“नाही.”

“ह्या तुमच्या मिसेस ना?”

“नाही.”

ताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्या बाईंनी मग पिशवीतून दोन पुठ्ठे काढले, एक हिरवा, एक लाल. पांघरुणावर ठेवले. “काका, हो असेल तर हिरव्यावर हात. नसेल तर लाल. शब्द विसरा.” दोन-तीनदा करून दाखवलं. मग पुन्हा तेच प्रश्न. तुम्ही बाई आहात? मिस्तरींचा डावा हात लाल पुठ्ठ्यावर गेला. ह्या तुमच्या मिसेस? हात हिरव्यावर गेला आणि तिथंच राहिला. तोंडानं मात्र “नाही, नाही, नाही” चालूच.

“बघितलंत?” त्या ताईंना म्हणाल्या. “शब्द एकच उरलाय त्यांच्याकडे. हो म्हणायचं असलं तरी तोच बाहेर येतो. कळतं त्यांना सगळं.”

ताई कॉटजवळ आल्या. मला वाटलं, रस्सा आवडला होता का ते विचारतील. त्यांनी विचारलं, “दोन दिवस भूक लागली होती का हो?”

मिस्तरींनी हिरव्यावर हात ठेवला.

ताई मटकन खाली बसल्या. कॉटच्या लोखंडी पट्टीला डोकं लावून त्या जशा रडल्या, तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. मिस्तरी डाव्या हातानं त्यांचे केस चाचपडत होते आणि म्हणत होते, “नाही. नाही.”

त्यानंतर सात महिने मिळाले. ताईंनी ते पुठ्ठे उशाशी ठेवले. रोजचं जेवण भरवायला लागल्या, ते नाही म्हणाले तरी पुढचा घास द्यायच्या, आणि मिस्तरी खायचे. अंगावर थोडं मांस आलं. पण चवीचं कोडं काही सुटलं नाही. ताई विचारायच्या, “तुमच्यासारखा झालाय का?” हात लालवर जायचा. “लसूण आधी घालायचा?” हिरवा. “कांद्याच्याही आधी?” हात मध्येच थांबायचा. डोळे मिटायचे. जे त्यांना सांगायचं होतं ते हो आणि नाहीमध्ये मावत नव्हतं. एकदा ताईंनी त्यांना खुर्चीसकट ओढत शेगडीपुढे नेलं, की हातानं दाखवतील. मिस्तरी त्या चकचकीत शेगडीकडे बघत राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. ताईंनी पुन्हा तसं केलं नाही. त्यानंतर चवीबद्दल विचारणंही सोडलं.

दुसरा झटका सकाळी आला, ताई कामावर असताना. मी वरच होते, कुणाच्या तरी पडद्याची किनार टाचत होते. मिस्तरींनी मला बघितलं आणि “नाही” म्हणाले. मी पुठ्ठे पुढे केले. पाणी? लाल. दुखतंय? लाल. ताईंना बोलावू? हिरवा. मी कँटीनला फोन लावला. तिथं झाकणांच्या खडखडाटात कुणाला ऐकू जाईना. निरोप पोहोचून ताई ॲप्रनवरच धावत आल्या, तोवर पाऊण तास झाला होता आणि मिस्तरी गेले होते.

महिन्याभरानं लेक न्यायला आली. सामान खाली उतरत होतं. मी ताईंना बाजूला घेतलं. इतके दिवस जे बोलायचं टाळत होते ते कसंबसं बोलले. “ताई, ते ‘ताट ठेवून बाहेर या’... ते मी म्हणाले होते.”

“हो,” ताई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात. उचललं मी.” एवढंच. राग नव्हता, आणि माफीही नव्हती. लेकीनं खालून हाक मारली, तशा त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

आता त्या लेकीकडे असतात. रविवारी मी फोन करते. पहिल्यांदा गुडघे, मग नातवंडांची शाळा, मग मी विचारते, “आज काय जेवलात?” त्या म्हणतात, “काहीतरी होतं बाई.” मग फोन लेक घेते आणि हळू आवाजात सांगते की आई स्वयंपाकघरात येतच नाही, वाढलं की खाते, नाही वाढलं तर मागत नाही. मी म्हणते, वेळेवर वाढत जा गं, विचारू नकोस. ती बरं म्हणते. मागे तिची मुलं भांडत असतात, ती त्यांना ओरडते, आणि फोन ठेवते.