करंड्यातल्या तेवीस गोळ्या

आईच्या रक्तात काय फिरतंय हे मला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं ते सांगत नव्हते. त्या काळात मी एका जागी दहा मिनिटं बसले असेन तर शपथ. हडपसरच्या ऑफिसात खुर्चीवरून उठून पाण्याच्या नळापर्यंत जायचे, पाणी न पिताच परत यायचे. मग संध्याकाळी स्कूटरवरून अख्खं पुणं ओलांडून कर्वेनगरला पोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला एकच विचार असायचा: आज तिच्या उजव्या हाताचं एखादं बोट हललं असेल का?

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती मशीनवर बसली होती. साड्यांना फॉल-पिको करून देणं हे तिचं पस्तीस वर्षांचं काम. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तिखटपणा तेवढा शाबूत राहिला. वाक्य पूर्ण करायला तिला वेळ लागायचा, पण समोरच्याला झोंबेपर्यंत ती ते सोडायची नाही.

हॉस्पिटलमधून घरी सोडताना तिथल्या एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आल्या. त्या संशोधन करत होत्या. झटका आल्यावर शरीर हाडांच्या मगजातून काही मूलपेशी रक्तात सोडतं, त्या फिरत फिरत इजा झालेल्या रक्तवाहिन्यांच्या दुरुस्तीला हातभार लावत असाव्यात, असं त्यांनी सांगितलं. रक्तदाबाच्या काही गोळ्या नियमित घेणाऱ्यांमध्ये या पेशी जास्त आढळतात का, ते त्यांना तपासायचं होतं. आईला तशीच गोळी सुरू झाली होती. रोज एक गोळी, घरी एका वहीत रोजची नोंद, आणि दर काही आठवड्यांनी रक्त द्यायचं.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाली, "रक्तात... रफूवाले फिरतात."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच, काकू. पण एक लक्षात ठेवा, हे संशोधन आहे, उपचार नाही. हात सुधारेलच असं मी म्हणत नाहीये. गोळी मात्र चुकवायची नाही. दाब वाढला तर दुसरा झटका येऊ शकतो."

तरी मी ऐकले ते फक्त रफूवाले. माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं, आणि मला आईचा हात हवा होता. आकडा कळावा म्हणून मी त्या डॉक्टरांना किती फोन केले असतील! "किती आहेत पेशी? वाढल्या का?" त्यांचं उत्तर ठरलेलं. अभ्यास पूर्ण होईपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही. मी फोन ठेवून चरफडायचे.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. पोरं येऊन "झालं" म्हणतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही याचाच मला पगार मिळतो. घरी मात्र मी काय करत होते? दर रविवारी सात कप्प्यांची डबी भरायचे. पुढच्या रविवारी डबी रिकामी दिसली की वहीत एकदम सात खुणा करायचे. बरोबर, बरोबर, बरोबर, सात वेळा. अर्धं मिनिट लागायचं. सकाळी मी साडेसातला घराबाहेर, तिला गोळी घेताना बघणार कोण?

असाच एक रविवार होता. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. झटक्याच्या आधी पिकोसाठी दिलेली साडी त्यांना हवी होती. अर्धा पदर झालेला, बाकीचा तसाच. "घाई नव्हती हो, पण लग्न आलंय," असं त्या दोनदा म्हणाल्या. आईने मान खाली घालून साडी दिली. पस्तीस वर्षांत अर्धवट काम परत द्यायची ही पहिलीच वेळ. काकू निघाल्या तशी आई मला म्हणाली, "हळद-कुंकू... लाव त्यांना."

रोजच्या कुयरीतलं कुंकू संपलं होतं. देवघराच्या मागच्या बाजूला आईचा जुना चांदीचा करंडा असतो. बाबा गेल्यापासून तो तिने उघडलेला मी पाहिला नव्हता, मीही कधी हात लावला नव्हता. मी तो उचलला, तशी आई एकदम ओरडली, "त्यातलं नको!"

तोवर झाकण निघालं होतं. आत कुंकवात लडबडलेल्या गोळ्या होत्या. पांढऱ्याच्या गुलाबी झालेल्या.

काकूंना मी कशीबशी नुसती हळद लावून वाटेला लावलं आणि गोळ्या ताटलीत ओतून मोजल्या. तेवीस.

"आई, हे काय आहे?"

"उपवासाच्या आहेत."

मंगळवार, शनिवार आणि संकष्टी. गेले दहा आठवडे ती हे उपवास करत होती, ते मला ठाऊक होतं. शनिवारची साबुदाण्याची खिचडी तर मीच करून द्यायचे. गोळीचा आणि उपवासाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"औषधवाल्याने पाकिटावर लिहिलंय, जेवणानंतर. उपवासाला मी कुठे जेवते?"

"खिचडी खातेस की!"

"फराळ तो." माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखी ती म्हणाली. "फराळाला कोणी जेवण म्हणतं का?"

"मग मला का नाही सांगितलंस? लपवल्यास कशाला?"

"ओरडली असतीस." मग म्हणाली, "देवाचं कुंकू होतं, त्यात ठेवल्या. औषध टाकवत नाही."

मी ओरडलेच. काय काय बोलले ते आठवायची आज लाज वाटते. इतकी वर्षं न केलेले उपवास आत्ताच कसे सुचले, असंही विचारलं. त्यावर तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"दाबाचं गोळी बघेल," ती म्हणाली. "हाताचं... देवाला सांगितलंय."

ती हातासाठी उपाशी राहत होती आणि त्याच उपवासाने आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या झटक्याला दार उघडं ठेवत होती. आणि तिच्यावर ओरडणारी मी, त्या तेवीसच्या तेवीस दिवसांपुढे "बरोबर" अशी खूण करून बसले होते.

रक्त द्यायची तारीख मंगळवारी होती. सोमवारभर मी ऑफिसात येरझाऱ्या घातल्या. सांगितलं तर आईला अभ्यासातून काढतील, म्हणजे रफूवाल्यांची आशाही गेली. नाही सांगितलं तर? गोळ्या धुऊन टाकल्या, उद्यापासून नीट दिल्या, वही तशीच ठेवली, तर कोणाला काय कळणार होतं? हा विचार माझ्या मनात आला, चांगला दुपारभर राहिला. संध्याकाळी मंडईत भाजी घ्यायला म्हणून वाट वाकडी केली आणि वीस मिनिटं फिरून रिकाम्या पिशवीनेच घरी आले.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर मी वही ठेवली आणि शेजारी करंडा. सगळं सांगून टाकलं. आईचा दाब त्यांनी दोनदा मोजला, दोन्ही वेळा जास्त भरला. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"काकू, या गोळीचा जेवणाशी काही संबंध नाही. पाकिटावर ते सवयीने लिहितात. सकाळी उठल्यावर घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. उपवास असला तरी."

"पाण्याने मोडत नाही ना?"

"नाही मोडत."

आईने जरा विचार केला. "आजही मला उपाशीच बोलावलंत. तुम्ही सांगितलेला उपवास चालतो, देवाचा नाही?"

"दोन्ही चालतात," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी घेऊन." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नोंदी कोण करतं?"

"मी."

"खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्या खुणेवर एकच रेघ मारा, खालची खूण दिसली पाहिजे. तिच्यापुढे खरं काय झालं ते लिहा आणि आजच्या तारखेची सही करा. काकूंना अभ्यासात ठेवायचं की नाही, ते आमच्या प्रमुख सरांना विचारून कळवते."

मी लिहायला बसले. वर पंखा भरधाव होता आणि वहीचं पान सारखं उडत होतं. आईने डाव्या हाताने उजवा हात उचलला, टेबलावर आणला आणि पानावर ठेवला. पान बसलं. रेघ, "गोळी घेतली नाही", सही, तारीख. एक ओळ झाली की ती हात उचलून जरा खाली सरकवायची. तेवीस वेळा मी सही केली, आणि डोळ्यांतलं पाणी वहीवर पडू नये म्हणून मान वाकडी करून बसले. आईने ते पाहिलं असणार. तिने फक्त हात आणखी एक ओळ खाली सरकवला.

निर्णय आठवड्याने कळणार होता. त्याआधी शनिवार आला. मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि पाण्याचं भांडं घेऊन तिच्यासमोर बसले. तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि मी उठायच्या आत माझा हात धरून मला खाली बसवलं. मग आ करून, लहानपणी ती मला करायला लावायची तशी, जीभ बाहेर काढून दाखवली.

"गिळली. दिसलं?"

"दिसलं," मी म्हणाले, आणि मग वही उघडून त्या एका दिवसापुढे खूण केली.