नसलेला जिना

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर मी आमदारांच्या शाहूपुरीतल्या कार्यालयात उभ्यानंच वाचलं. 'कोठडीत मारहाण झाली, हे खरे नाही. संबंधित इसम पोलीस ठाण्याच्या जिन्यावरून पाय घसरून पडला.' संबंधित इसम म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी मोठ्यानं हसले. आमदारांच्या सहायकाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. फिरलं होतंच, पण हसण्याचं कारण वेगळं होतं. त्या पोलीस ठाण्याला जिनाच नाही.

जुनी दुमजली इमारत पाडायला काढली म्हणून ठाणं भावाला उचलण्याच्या आधीच एका बैठ्या, पत्र्याच्या घरात हलवलं होतं. 'जिन्यावरून पडला' हे वाक्य मात्र टेबल-खुर्च्यांबरोबर तसंच नव्या जागेत आलं. मार खाल्लेल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच घालायचं, ही तिथली रीतच होती.

भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन चालवायचा. कारखान्यातली तांब्याची तार चोरीला गेली आणि संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं. अटक न दाखवता दोन दिवस ठेवलं, तळपायांवर पट्टे मारले. मग खरा चोर सापडला. भावाला सोडण्याआधी प्रकरण अंगाशी येऊ नये म्हणून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं फौजदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, भावाला समजवा की. जिन्यावरनं पडलो म्हनायचं. तासाभरात घरी सोडतो."

आणि मी समजावलं. शाळेत कारकुनी करणारी, सगळे नियम तोंडपाठ असणारी मी! भाऊ ते वाक्य डॉक्टरांसमोर बोलला, माझ्याकडे बघत. त्याची ती नजर मला अजून जाळते. तेव्हाच ठरवलं, या फौजदाराला सोडायचं नाही. आमदारांकडे गेले आणि त्यांना विधानसभेत प्रश्न विचारायला लावला.

उत्तर हातात पडलं त्याच दिवशी मी ठाण्यासमोर गेले आणि मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले. हवालदार बाहेर आला.

"ओ बाई, काय काढतायसा?"

"जिना शोधतेय," म्हटलं. "तुम्हाला दिसला तर सांगा."

ते फोटो आमदारांनी सभागृहात फडकावले. जिना कुठंय, एवढंच त्यांनी विचारलं. मी शाळेच्या ऑफिसात मोबाईलवर बघत होते. मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकाऱ्यांनी कागदांत डोकं घातलं. सभागृहात आधी हशा, मग गोंधळ. शेवटी फौजदाराच्या निलंबनाची आणि चौकशीची घोषणा झाली. मी मस्तानी मागवली आणि एकटीनं चवीनं संपवली. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पण चौकशीत गाडी अडली. समोर वरिष्ठ अधिकारी, एका कडेला तो फौजदार, दुसऱ्या कडेला आम्ही दोघं. अधिकाऱ्यांनी भावाला विचारलं, "मारहाण झाली होती, तर डॉक्टरांना जिना का सांगितलात? कुणी सांगायला लावलं?"

फौजदार गालात हसला. त्याला ठाऊक होतं, हा पोरगा बहिणीचं नाव घेणार नाही.

"कुणी न्हाय," भाऊ म्हणाला. "माझं मीच बोललो."

अधिकाऱ्यांनी लिहायला पेन टेकवलं. तेवढं एक वाक्य कागदावर गेलं असतं तर फौजदार सुटला असता.

"थांबा साहेब," मी उठले. "मी सांगितलं. खोटं बोलायला मी लावलं."

"आक्का, बस की खाली!" भावानं माझा हात ओढला.

"आणि मला यांनी सांगितलं," मी फौजदाराकडे बोट केलं. "दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीपाशी. लिहा."

फौजदाराचं हसू गेलं. "मॅडम, जरा इचार करा. तुमची सरकारी नोकरी हाय. तुम्हीबी अडकशिला."

"अडकू दे की," मी म्हणाले. "तुम्हाला घेऊन बुडायला मी कधीची तयार आहे." आणि अधिकाऱ्यांचं लिहून व्हायच्या आधीच सहीसाठी हात पुढं केला.