जोतीराम मिस्त्रीचं बोट

शिवाजी पेठेत गाडीच्या ऑइलबाबत जोतीराम मिस्त्रीच्या बोटापुढं कुणाचं चालायचं नाही. इंजिनातलं ऑइल चिमटीत धरायचं, दोनदा चोळायचं आणि हुकूम सोडायचा, "वीस-चाळीस घाल." कुणी गाडीचं पुस्तक काढलंच, तर त्याच पुस्तकाला तो हात पुसायचा.

माणूस दुष्टच. बाळासो त्याच्याकडं शिकायला आला, तेव्हा नुकतंच काढलेलं कढत ऑइल ह्यानं त्याच्या हातावर ओतलं. "भाजल्याबिगर ऑइल कळत न्हाय!" तो डाग बाळासोच्या हातावर अजून आहे. आता गॅरेज बाळासोचं, आणि मिस्त्री त्याच्या हाताखाली.

त्यात मिस्त्रीला शुगर झाली. हातातला नट पडला तरी त्याला कळायचं नाही. गेल्या महिन्यात पेठेतल्या पूर्णिमाच्या नव्या स्कूटरला त्यानं वीस-पन्नास घातलं. पुस्तकात होतं दहा-तीस. पहिला आकडा ऑइल गारठ्यात किती पातळ राहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. नव्या इंजिनाच्या वाटा अरुंद, त्यातनं जाड ऑइल सरकेना. गाडी सकाळी चालू होईना. पूर्णिमा भांडून गेली.

बाळासो म्हणाला, "वस्ताद, उद्या गिऱ्हाइकांम्होरं बोटानं ऑइल वळखून सांगा. बरोबर आलं तर ऱ्हावा. न्हाय तर घरी बसा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दहाएक जण जमलो. गाडी माझी होती. बाळासोनं इंजिन चांगलं पंधरा मिनिटं चालवलं आणि ऑइल ट्रेमध्ये सोडलं. मिस्त्रीनं त्यात दोन बोटं बुडवली. काढेचना.

"गार हाय की रं. गाडी तापीवली न्हाईस व्हय?"

आम्ही हसलो. सांगायला लाज वाटते, सगळ्यांत मोठ्यानं मी.

"वीस-चाळीस," मिस्त्री म्हणाला.

"दहा-तीस हुतं. मीच घातलंतं," बाळासो म्हणाला.

मिस्त्री चिंधी घेऊन बोटं पुसू लागला, तर कातडी चिंधीत आली. आमचं हसू थांबलं. त्यानं चिंधी उलटून बघितली.

"बाळासो, तापीवलं हुतंस?"

"व्हय. तुम्हीच शिकीवलंय की. भाजल्याबिगर ऑइल कळत न्हाय."

मिस्त्री तसाच पायऱ्या उतरून गेला. दवाखान्यात न्यायला आमच्यातलं कुणी उठलं नाही. बाळासोनं पुस्तकात बघून माझ्या गाडीत दहा-तीस घातलं. ती आता सकाळी एका किकमध्ये चालू होते.